अनीपाचा जड हात

शांत माणसाचा हात स्थिर असतो म्हणे. कुणी लावला हा शोध? ज्यानं लावला त्यानं आयुष्यात कधी कापडावर पट्टी ठेवून चौकोन कापलेला नसणार. शांत माणूस गप्पा मारतो, खिडकीबाहेर बघतो, चहाचा घोट घेतो, आणि तेवढ्यात त्याच्या बोटांखालची पट्टी हळूच सरकते. केसाएवढीच सरकते, पण तेवढं पुरतं. या चौकोनात केसाएवढा फरक, पुढच्यात तेवढाच, आणि गोधडी पुरी होईस्तोवर तिचा एक कोपरा आत-बाशी गावाकडे तोंड करून बसतो आणि दुसरा नारिन शहराकडे.

अनीपा रागात कापायची. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिच्या दारावरून जाताना आतून आरडाओरडा ऐकू आला की बायका म्हणायच्या, "चला, कुणाच्या तरी लेकीची गोधडी कापली जातेय." आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. आमच्या खोऱ्यात कुराक शिवणाऱ्या, म्हणजे तुकडे जोडून गोधड्या करणाऱ्या बायका घराघरांत आहेत. पण चार चौकोनांचे कोपरे एका टाचणीच्या टोकावर येऊन भेटावेत, असं काम अनीपाचंच.

अंगानं ती काडी होती. वारा सुटला की तिचा नवरा असानकुल म्हणायचा, "खिशात दगड टाक गं, नाहीतर खाली नदीत शोधावं लागेल तुला." अशा बाईच्या हाताला वजन कुठून येणार? आणि सरळ कापायला वजन लागतं. बाकी सगळं ती शिकवायची, लपवून काही ठेवायची नाही. कापडाला आधी पिठाचं पातळ पाणी लावा, वाळलं की इस्त्री फिरवा, म्हणजे ते कागदासारखं ताठ होतं. पट्टीच्या खाली फाटक्या रबरी बुटाच्या चकत्या चिकटवा. पट्टी ठेवायची ती राखायच्या तुकड्यावर, टाकायच्या तुकड्यावर नाही. पंजा सपाट टाकू नका, बोटं उभी करा, आणि करंगळी पट्टीच्या बाहेर, फळीवर टेकवा, खुंटीसारखी. बसून कापू नका, उभं राहा. सुरी एका ओढीत अर्ध्यापर्यंत आणा, थांबा, सुरी न उचलता डावा हात पुढे चालवा, आणि मग उरलेलं ओढा. हे सगळं पोरींना यायचं. तरी त्यांची पट्टी सरकायची, कारण जोर मनगटातून द्यायचा नसतो, खांद्यातून खाली सोडायचा असतो. आणि अनीपाच्या खांद्यात तो जोर भरायला घरात एक माणूस होतं.

ते माणूस म्हणजे तिची सासू. तिचं नाव बुरुल. अर्थात अनीपानं ते नाव कधी घेतलं नाही. आमच्यात सुनेनं सासरच्या थोरांचं नाव घ्यायचं नसतं. सासूला म्हणायचं एने, बस्स. इतकंच काय, बुरुल म्हणजे करड्या रंगाचा घोडा, तर घरातल्या करड्या घोड्यालाही अनीपा "तो राखेत लोळलेला" म्हणायची. अशी बत्तीस वर्षं काढली तिनं.

आणि म्हातारी? म्हातारी अशी होती की कापायचा दिवस तिला वासावरून कळायचा. अनीपानं दगडावर सुरी घासायला घेतली की ही आपली उशी उचलून चुलीशेजारी येऊन बसायची. चुलीत एकेक गोवरी सरकवायची, वाटीतला चहा फुर्रकन प्यायची, आणि सुरू व्हायची.

"तो कोपरा बघ गं. वाकडाय."

"अजून कापलाच नाहीये, एने!"

"मग वाकडाच कापणार असशील. तुझ्या आईनं तुला सरळ दिलंय काय? नाक तरी?"

"माझ्या आईचं नाव काढू नका."

"नाव कशाला काढू? तिनं पाठवलेली पेटी काढते ना. रिकामी पेटी! उचलली तर माझ्या करंगळीवर आली."

झालं. अनीपाच्या मानेची शीर तटतटायची, खांदे खाली यायचे, बोटं पट्टीवर अशी रुतायची की फळी करकरायची. सुरी सर्रकन जायची. चौकोन पडायचा तो आरशासारखा नेमका. मग म्हातारी तो उचलायची, कोपऱ्यावर कोपरा ठेवून घडी घालायची, अंगठ्याच्या नखानं कड चाचपायची, आणि तोंड वेंगाडून म्हणायची, "चालेल. कुत्र्याखाली घालायला."

आता त्या रिकाम्या पेटीचं सांगायलाच हवं, कारण सगळ्या रागाचं मूळ तिथंच होतं. अनीपा सून म्हणून आली तेव्हा आईनं रुखवताच्या पेटीत इतर गोष्टींबरोबर साटिनचा एक अख्खा तागा ठेवला होता. गडद निळा, त्यावर डाळिंबाच्या दाण्याएवढी लाल फुलं. आई दूध विकायची, आणि त्या पैशातून तिनं तो तागा घेतला होता. अनीपानं स्वतःच्या डोळ्यांनी तो पेटीत जाताना पाहिला होता. पण गावच्या बायका रुखवत बघायला जमल्या, पेटी उघडली, तर तागा नाही. सासू सगळ्यांसमोर म्हणाली, "आईनं पोर पाठवली आणि कापड विसरली वाटतं." अनीपा रडून रडून शपथा घेत होती, आणि सासू म्हणत होती, "मग काय मी खाल्लं?" बायका हसल्या. ही गोष्ट दोन खिंडी ओलांडून आईच्या कानावर गेली. आई कधी लेकीच्या सासरी आली नाही. शरमेनं आली नाही. तशीच मेली ती, आपल्या नावाला लागलेला तो डाग घेऊन. आता सांगा, असल्या गोष्टीवर माणसाला राग येऊ नये?

म्हातारीला सांभाळलं मात्र अनीपानंच. थोरली जाऊ कानिशाय बिश्केकला सुखात राहायची. धाकट्याच्या घरी आईबाप राहतात, ही आमची रीत, म्हणून धाकट्याच्या बायकोनं भांडत भांडत म्हातारीचे केस विंचरले, भांडत भांडत तिला तळलेले बोरसोक चहात बुडवून भरवले, शेवटच्या हिवाळ्यात भांडत भांडतच तिचं अंथरूण बदललं. म्हातारी त्र्याण्णव वर्षांची होऊन, एका सकाळी, चहा अर्धा ठेवून गेली.

आमच्याकडे असं पिकलं पान गळलं की जिर्तिश वाटतात. जिर्तिश म्हणजे फाडलेलं कापड. मेलेल्या माणसानं जिवंतपणीच ते घेऊन पेटीत गाठोडं बांधून ठेवलेलं असतं, आणि ते गाठोडं तो मरेपर्यंत कुणी सोडायचं नाही. मग थोरली सून ते सोडते आणि तुकडे फाडून बायकांना वाटते. त्र्याण्णव वर्षं जगलेल्या बाईचं जिर्तिश म्हटल्यावर बायका तुटून पडतात. तो तुकडा लेकराच्या गोधडीत शिवला की तेवढंच आयुष्य लेकराला लाभतं. अनीपा तेव्हा मयतासाठी उभारलेल्या तंबूत भिंतीकडे तोंड करून बसली होती, घरच्या बाईनं बसायचं तशी, मोठ्यानं विलाप करत. बाहेर कापड टराटरा फाटल्याचा आवाज तेवढा तिला ऐकू येत होता.

संध्याकाळी कानिशाय आत आली आणि रुमालात बांधलेलं काहीतरी तिच्या मांडीवर टाकून गेली. "घे. टोक उरलंय. काय करू, बायका नुसत्या ओरबाडत होत्या."

"मी बत्तीस वर्षं हिचं केलं, आणि मला टोक?"

"मग बाहेर यायचंस हात पसरून. एक चौकोन निघेल त्यातून. लहान पोराच्या गोधडीला आणखी काय लागतं?"

अनीपानं ते पुडकं पेटीत टाकलं. जिर्तिश उगाच उलगडून बघायचं नसतं, कामाच्या वेळीच उलगडायचं.

कामाची वेळ बर्फ वितळायच्या आधीच आली. तिचा मुलगा एलदार आणि सून जीपारा यांना मुलगी झाली. एवढीशी, मूठभर. आणि यांचं पहिलं बाळ, मुलगा, पाळण्यात घालायच्या आधीच गेला होता. त्याची गोधडीही अनीपानंच शिवली होती, पण तिच्यात जिर्तिश नव्हतं. त्या वर्षी गावात कुणी म्हातारं मेलंच नव्हतं, त्याला अनीपा काय करणार? जीपारा कधी एका शब्दानं बोलली नाही. पण या वेळी मुलीला छातीशी धरून तिनं सरळ सांगितलं, "आई, मला सोनं नको, काही नको. मोठ्या एनेचं जिर्तिश मधोमध शिवा. त्याच्याशिवाय मी हिला पाळण्यात बांधणार नाही. कुणी मारलं तरी नाही."

शुक्रवारी पाळण्यात घालायचं ठरलं. बायकांना बोलावणी गेली. आजूबाजूचे सगळे तुकडे कापून, जोडून तयार होते, मधली जागा तेवढी मोकळी. तिथं एकच चौकोन बसायचा होता. जिर्तिशला जोड चालत नाही. जोड दिलेलं आयुष्य कुणाला हवंय? आणि तुकडा एवढाच की चौकोनाभोवती दोन बोटं जादा. म्हणजे पट्टी एकदा सरकली की संपलं, दुसरा तुकडा साऱ्या जगात नाही.

तर अनीपानं आधी हात बसावा म्हणून साधं कापड घेतलं. पिठाचं पाणी, इस्त्री, पट्टी, करंगळी, सगळं जिथल्या तिथं. सुरी ओढली आणि पट्टी सरकली.

दुसरा कापला. सरकली. तिसऱ्याला तिनं पट्टीच्या खालच्या चकत्या ओरबाडून नव्या लावल्या. तरी सरकली! तिनं सुरी आपटली, फळीला लाथ मारली, दाराला शिव्या दिल्या, मांजराला हाकललं. तुम्ही म्हणाल, मग राग होताच की. नव्हता हो. ती चिडचिड. चिडचिडीनं हात थरथरतो. राग वेगळा. राग खांद्यावर येऊन बसतो, गोणीसारखा. चुलीशेजारी उशी रिकामी पडली होती, आणि म्हातारी गेल्यापासून सगळा गाव अनीपाशी मऊ मऊ बोलत होता. "किती केलंस गं तिचं." "देव भलं करो तुझं." असल्या बोलण्यावर पोसलेल्या हाताला कसलं वजन येणार?

असानकुल दारात उभा राहून हे बघत होता. गरीब माणूस, पण बायकोचं दुखणं त्याला कळलं. तो घसा खाकरून म्हणाला, "तुझा... तुझा चहा पातळ असतो."

"हो. गाय आटलीय."

"आणि तू... दिसायला पण काही..."

"अहो, काय होतंय तुम्हाला? ताप आहे का?"

"तुला राग यावा म्हणून म्हटलं."

"त्याला अंगात दम लागतो! जा, गोवऱ्या आणा!"

तो गेला. मग बिश्केकहून पाळण्यासाठी आलेली कानिशाय पुढे सरसावली. तिच्या जिभेला धार होती, हे मान्य करायला हवं. झग्याला हात पुसत ती म्हणाली, "मी म्हणते, इतकी कशाला नाटकं? दे इकडे, मी कात्रीनं कापते. दोन धागे इकडेतिकडे झाले तर काय आभाळ कोसळतंय? पहिल्या पोराच्या वेळी कोपरे जुळलेच होते की. काय उपयोग झाला?"

 जीपारा बाळाला घेऊन उठली आणि आतल्या खोलीत निघून गेली. अनीपानं चुलीवरचा डाव उचलला. खरंच उचलला. "चालती हो! माझ्या चुलीसमोरून चालती हो, नाहीतर तुझ्या डोक्याचे चार कोपरे करीन!" कानिशाय अंगणात पळाली. अनीपानं त्याच सपाट्यात साध्या कापडावर पट्टी ठेवली, सुरी ओढली. आणि बघते तो काय, बोटभर वाकडं. सगळा राग तोंडातूनच निघून गेला होता. खांद्यापर्यंत काही उतरलंच नव्हतं.

ती खाली बसली. दुसऱ्या दिवशी बायका येणार होत्या. आत जीपारा बाळाला थोपटत होती आणि हुंदका आवरत होती, तो आवाज भिंतीतून ऐकू येत होता. अनीपा उठली. वाट बघून वजन येणार नाही हे तिला कळलं. जे होईल ते होईल, म्हणून तिनं पेटीतलं पुडकं काढलं आणि रुमालाची गाठ सोडली.

कापड उलट्या बाजूनं घडी घातलेलं होतं. फिकट, निस्तेज, कुठलंही कापड दिसावं तसं. तिनं ते फळीवर पसरलं, पिठाचं पाणी लावलं, चुलीजवळ वाळवलं. मग इस्त्री करायला सुलटं केलं.

गडद निळं. त्यावर डाळिंबाच्या दाण्याएवढी लाल फुलं.

इस्त्री तिच्या हातात तशीच राहिली. दुकानात असला तागा एकच थोडाच असतो, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण हे टोक होतं, ताग्याचं अगदी शेवटचं टोक, आणि त्याच्या कडेला पिवळ्या दोऱ्याच्या तीन फुल्या होत्या. वाकड्या, घाईघाईनं घातलेल्या. लेकीला नजर लागू नये म्हणून पेटी बंद करायच्या आधी आईनं त्या घातल्या होत्या. अनीपा शेजारी उभी होती. दोरा तिनंच ओवून दिला होता, कारण आईला तेव्हा नीट दिसत नव्हतं.

बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षं तो तागा या घरात होता. या भिंतीच्या पलीकडे, त्या पेटीत, गाठोड्यात बांधलेला.

"बुरुल!"

असानकुल गोवऱ्यांची टोपली घेऊन आत येत होता, त्याच्या हातून टोपली पडली. कानिशाय अंगणातून धावत आली आणि उंबऱ्यातच थिजली. जीपारानं आतून डोकं काढलं. सुनेनं सासूचं नाव घेतलं होतं, तेही मेलेल्या सासूचं, तेही ओरडून. अनीपाला कुणी दिसत नव्हतं. ती चुलीशेजारच्या रिकाम्या उशीशी बोलत होती.

"बुरुल! चोरटे! मग काय मी खाल्लं, म्हणालीस ना? खाल्लंस! माझ्या आईची इज्जत खाल्लीस! ती दूध विकत होती गं, गुडघाभर बर्फातून! आणि तू तो तागा उशाशी घेऊन झोपलीस?"

बोलता बोलता तिनं पट्टी उचलली. नेहमीसारखी ती दोन बोटं आत ठेवणार, तेवढ्यात थांबली. तशी ठेवली तर पिवळ्या फुल्या कापल्या जाऊन टाकाऊ तुकड्यात जाणार होत्या. तिनं पट्टी सरकवली, अगदी कडेपर्यंत, फुल्या चौकोनाच्या आत राहतील अशी. आता एका बाजूला जादा काहीच उरत नव्हतं. धागाभर चूक झाली तरी चौकोन गेला, फुल्या गेल्या, सगळंच गेलं. असानकुलला ते दिसलं. तो काहीतरी बोलणार होता, पण त्यानं तोंडावर हात ठेवला.

"मरताना तरी सांगायचंस!" पहिली ओढ. "तोंडात घास घालत होते ना मी? तेव्हा सांगायचंस. अनीपा, मी चोर आहे, एवढंच म्हणायचंस. मी काय केलं असतं? तुला बाहेर बर्फात टाकलं असतं?" तिनं फळी फिरवली. दुसरी ओढ. "टाकलंच असतं! उचलून टाकलं असतं!" बोटं पट्टीवर अशी रुतली होती की नखं पांढरी पडली. फळी करकरत होती. तिसरी ओढ, आणि कडेचा टाकाऊ तुकडा सुटून जमिनीवर पडला. "आणि आता साऱ्या गावाच्या पोरांना माझ्या आईचं कापड वाटून पुण्य कमावतेस? तुझ्या नावानं? कुणाला विचारून मेलीस तू? मला विचारलंस? भांडण अर्धं टाकून कुठं गेलीस?"

चौथी ओढ. सुरी फळीच्या टोकाला लागून थांबली.

चौकोन पडला होता. आरशासारखा नेमका, आणि एका कोपऱ्यात तीन पिवळ्या फुल्या. अनीपानं तो उचलला. कोपऱ्यावर कोपरा ठेवून घडी घातली, अंगठ्याच्या नखानं कड चाचपली. एक धागा इकडेतिकडे नव्हता. मग तिनं तो उशीकडे धरला.

"म्हण ना आता. म्हण, कुत्र्याखाली घालायला."

उशी काय बोलणार? अनीपाला इतका राग आला होता की तिला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी राग आला. असानकुल पुढे आला तर तिनं त्याला ढकललं. "मला हात लावू नका. तुमची आई चोर होती."

"हो," असानकुल म्हणाला.

"माहीत होतं तुम्हाला?"

"नाही गं. पण कधीकधी ती पेटीत हात घालून बसायची नुसती. मी विचारलं तर म्हणायची, याच्यापेक्षा चांगलं कापड माझ्या आयुष्यात आलं नाही." तो गोवऱ्या गोळा करायला खाली वाकला. "मला वाटलं, तिचंच असेल."

दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर बोरसोक, लोणी, मटणाची थाळी. पाळण्याजवळ गोधडी पसरली तशा सगळ्या वाकल्या. मधला चौकोन त्यांनी लगेच ओळखला. त्यातल्या प्रत्येकीच्या घरी त्याच कापडाचा तुकडा होता, कुणाच्या नातवाच्या गोधडीत, कुणाच्या नातीच्या कुंचीत. पण फुल्या कुणाकडे नव्हत्या.

"हा पिवळा दोरा कसला गं?" एका म्हातारीनं विचारलं. रुखवत बघायला आलेल्यांपैकी ती एक होती, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसलेली.

कानिशायनं मान खाली घातली. असानकुल बाहेर दारापाशी उभा होता, तो अंगणाकडे बघायला लागला. अनीपाच्या जिभेवर तो शब्द आला होता. रात्रभर आला होता. आणि का येऊ नये? तिच्या आईचा डाग धुवायची हीच वेळ होती, याच बायकांसमोर. पण तो शब्द उच्चारला की गावातल्या प्रत्येक लेकराच्या अंगावर चोरीचा माल पडला असता. या लेकरावरसुद्धा. जीपारा बाळाला छातीशी धरून तिच्याकडेच बघत होती.

"माझ्या आईची खूण आहे ती," अनीपा म्हणाली. एकेक शब्द तिनं पट्टीसारखा दाबून ठेवला. "हे कापड माझ्या आईनं माझ्याबरोबर पाठवलं होतं. अख्खा तागा. आमच्या एनेनं तो मरेपर्यंत सांभाळला."

म्हातारीनं फुल्यांकडे बघितलं, मग अनीपाकडे. मग तिच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला. शेजारची दुसरी म्हातारी बोरसोक मोडत होती, ती थांबली.  पहिली म्हातारी मग खाली वाकली आणि तिनं त्या फुल्यांना कपाळ टेकवलं. त्यावरही अनीपाला रागच आला. बत्तीस वर्षं उशीर झाला होता.

बाळाला पाळण्यात ठेवलं. जीपारानं पट्टे आवळले, वर गोधडी घातली. आता बाळाच्या आजीनं आशीर्वाद द्यायचा होता. ज्याचं जिर्तिश, त्याच्याएवढं जग, असं म्हणायची रीत आहे. सगळ्या अनीपाकडे बघत राहिल्या. ती पाळण्यावर वाकली. मूठभर पोरगी तोंड वेंगाडून तिच्याकडे बघत होती, जणू काहीच तिच्या पसंतीला उतरलं नव्हतं.

"तिच्याएवढी जग," अनीपा म्हणाली. मग तिचा आवाज फाटला, तरी तिनं वाक्य अर्धं सोडलं नाही. "आणि तिच्यासारखीच मला छळ."